फाटकं, शिवलेलं, सुंदर : कपड्यांच्या झिजेचा थोडा अभ्यास

फाटक्या जीन्सच्या गुडघ्यावर पांढरे दोरे लोंबत असतात ना, ते नेहमी आडवेच का असतात? उभे का नसतात? मेसमध्ये मी हा प्रश्न विचारला तेव्हा टेबलावरून एकमुखाने उत्तर आलं, "फॅशन आहे म्हणून!" पण कारण फॅशनचं नाही, विणीचं आहे. डेनिममध्ये उभे धागे निळे रंगवलेले असतात आणि आडवे धागे पांढरेच ठेवलेले असतात. विणताना प्रत्येक उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि मग एकाच्या खालून. त्यामुळे कापडाच्या बाहेरच्या अंगाला निळे धागे जास्त आणि आतल्या अंगाला पांढरे जास्त. घासलं जातं ते बाहेरचं अंग. गुडघा टेकला, बेंचला घासला, बाईकच्या टाकीला लागला की आधी निळे उभे धागे झिजून तुटतात. मागे उरतात ते आडवे, पांढरे.

आणखी एक गंमत आहे. निळीच्या द्रावणात बुडवलेलं सूत आधी हिरवट-पिवळं दिसतं. ते हवेत काढलं की ऑक्सिडेशन होऊन निळं होतं. असं बुडवणं आणि काढणं अनेक वेळा करतात, तरी रंग सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेर नुसतं एक निळं कडं तयार होतं. सुताचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर निळी अंगठी आणि मध्ये पांढरा ठिपका दिसेल. रंगारी म्हणेल हा रंग कच्चा. पण या कच्चेपणामुळेच जीन्सची मजा आहे. जिथे घासतं तिथे निळं कडं निघून जातं आणि पांढरा गाभा वर येतो. मागच्या खिशात पाकीट ठेवणाऱ्याच्या पँटवर पाकिटाचा चौकोन उमटतो, पुढच्या खिशात मोबाईल ठेवणाऱ्याच्या पँटवर मोबाईलचा. गिअरच्या दातावरची झीज बघून आपले सर सांगतात ना, अलाइनमेंट कुठे चुकलंय ते? तसंच दोन वर्षं वापरलेली जीन्स बघून मालक कसा बसतो, कसा चालतो, हे सांगता यावं.

मला या लेखात लिहायचंय ते अशा कपड्यांबद्दल. मोजके, साधे, आणि झीज लपवण्याऐवजी तिला जागा देणारे कपडे. हल्ली मोठे डिझायनर याला मिनिमलिस्ट वगैरे म्हणतात आणि त्याची किंमतही तशीच लावतात. पण विषय फॅशन शोचा आहे असं समजून आमच्या मेकॅनिकलच्या मुलांनी पान उलटू नये. यात स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन आहे, क्रॅक अरेस्ट आहे, सँडब्लास्टिंगसुद्धा आहे. जीन्सचा जन्मच मुळी एका स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनच्या प्रॉब्लेममधून झाला. मजुरांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात फाटायचे म्हणून अमेरिकेतल्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. १८७३ साली त्याने आणि लिव्हाय स्ट्रॉसने मिळून त्याचं पेटंट घेतलं.

विकत मिळणारी झीज

आता गंमत संपली. दोन वर्षं वापरायला वेळ कुणाला आहे? दुकानातून आणतानाच पँट झिजलेली हवी. मग कारखान्यात ती झिजवावी लागते. आधी प्युमिस आला, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड. मोठ्या वॉशिंग मशिनमध्ये पँटी आणि दगड एकत्र फिरवायचे. दगडांनी मशिनही झिजायला लागलं म्हणून नंतर सेल्युलेज हे एन्झाइम आलं. ते कापसाच्या वरच्या थरातलं सेल्युलोज खातं आणि त्याबरोबर निळा रंग सुटतो. मांडीवरचा फिकट पट्टा पाहिजे असेल तर पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारतात. अलीकडे लेसरही वापरतात.

आणि सँडब्लास्टिंग. दाबाखालच्या हवेबरोबर वाळू कापडावर मारायची, हवा तिथे कापड पांढरं होतं. भोसरी-चाकणकडच्या फाउंड्रीत इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेल्यांनी कास्टिंग साफ करायचं ब्लास्टिंग पाहिलं असेल. तिथे कास्टिंग बंद चेंबरमध्ये जातं, वाळूऐवजी स्टीलचे बारीक छर्रे असतात, धूळ ओढून घ्यायची सोय असते. का? तर वाळूच्या बारीक धुळीतली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तुर्कस्तानात जीन्स ब्लास्ट करणाऱ्या छोट्या छोट्या वर्कशॉपमध्ये पोरं हातात पाइप धरून, तोंडाला साधं फडकं बांधून हे काम करत होती. खाणीत काम करणाऱ्याला हा रोग व्हायला बहुधा बरीच वर्षं लागतात. इथे काही वर्षांतच झाला, आणि त्यातले कितीतरी जण विशी-तिशीतले होते. म्हणजे आपल्याच वयाचे. २००९ साली तुर्कस्तानने या कामावर बंदी घातली. २०१० मध्ये लिव्हाइस आणि एच अँड एम या कंपन्यांनी आपण सँडब्लास्टिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मला यातलं काय खटकतं ते सांगते. लोखंडाच्या कास्टिंगला बंद चेंबर, आणि पँटला उघड्यावर माणूस. तेही कशासाठी, तर पँट जुनी दिसावी म्हणून! बरं, झिजवलेल्या पँटचं आयुष्य त्या झिजेइतकं आधीच कमी झालेलं असतं. नवीन बेअरिंग कुणी घासून, खेळ पाडून विकलं तर आपण घेऊ का?

जपानी स्क्रू

झीज सुंदर असू शकते हे कुणी म्हटलं की सगळे जपानचं नाव घेतात. तिथे 'वाबी-साबी' असा शब्द आहे. साधेपणातलं, अपुरेपणातलं, जुनं होत जाण्यातलं सौंदर्य, असा काहीसा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू या चहाविधीच्या गुरूचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. झगमगीत भांड्यांपेक्षा साधं, ओबडधोबड, हाताने घडवलेलं भांडं त्याला जास्त पसंत. चाकण पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, शॉपफ्लोअरवर फाइव्ह-एस आणि काइझेनचे बोर्ड आपण सगळ्यांनी वाचलेत. वाबी-साबीचा बोर्ड मात्र कुठे दिसला नाही. बरोबरच आहे म्हणा, पिस्टन वाबी-साबी असून कसं चालेल!

याच जपानमधली रेई कावाकुबो ही डिझायनर १९८१ मध्ये पॅरिसला पोचली. १९८२ मध्ये तिने काळे, भोकं पडलेले स्वेटर दाखवले. भोकं कात्रीने पाडलेली नव्हती. तिने विणायच्या मशिनचे काही स्क्रू सैल करायला लावले होते, म्हणजे मशिन मधूनमधून टाका चुकेल आणि भोक कुठे पडेल हे आधी कुणालाच सांगता येणार नाही. टॉलरन्स मुद्दाम बिघडवायचा! पॅरिसमधल्या काही टीकाकारांना ते भिकाऱ्याचे कपडे वाटले. आज ते स्वेटर म्युझियममध्ये आहेत.

जपानच्या उत्तरेकडे थंडी भयंकर. कापूस तिथे होत नसे, त्यामुळे गरीब शेतकरी मिळेल ती चिंधी चिंधीवर शिवत आणि कपडा पिढ्यान्‌पिढ्या चालवत. त्याला 'बोरो' म्हणतात. साधा धावदोरा, थरावर थर. त्याचे फोटो मी लायब्ररीतल्या एका पुस्तकात पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, ही तर गोधडी!"

कुरुळीची गोधडी

सेकंड इयरच्या सुट्टीत ट्रेनिंगसाठी मी आणि माझी एक मैत्रीण कुरुळीत खोली घेऊन राहत होतो. पुणे-नाशिक हायवेवर, मोशी सोडून चाकणकडे निघालं की लागतं ते. हायवेवरून बघितलं तर शेड, गोडाऊन आणि कंटेनरच दिसतात. पण आत गावात शिरलात तर पडवीत बसून गोधडी शिवणाऱ्या बाया अजून आहेत. आमच्या घरमालकांच्या आई त्यातल्या एक. गोधडी कशी करतात हे मी त्यांच्याजवळ बसून शिकले, निदान शिकायचा प्रयत्न केला.

आधी फरशीवर एक जुनं सुती लुगडं ताणून पसरायचं. चार कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं. त्यावर दुसरं, तिसरं, मध्ये विरलेली धोतरं, उसवलेले परकर, शर्टाच्या सरळ केलेल्या बाह्या. कुठे खळगा राहिला तर तिथे एक तुकडा. वरून पुन्हा एक चांगलंसं लुगडं. मग जाड दोरा ओवून कडेपासून सुरुवात करायची, आणि चौकोनी फेरे घालत घालत आत मध्यापर्यंत यायचं. दोन ओळींत साधारण एका बोटाचं अंतर. आजी डोळ्यांनी अंतर मोजतात. मी पट्टी काढली तर म्हणाल्या, "ठेव ती पट्टी. टाका मोजून घालायला मी काय मशीन हाय का?" त्यांची ओळ कुठे पाव इंच इकडे, कुठे तिकडे सरकलेली असते. पण पूर्ण झालेली गोधडी लांबून बघितली की ती ओळ पाण्यावरच्या लाटांसारखी दिसते. मशिनने मारलेली ओळ तशी दिसत नाही. हे माझं मत. माझ्या मैत्रिणीला मशिनचीच जास्त आवडली.

आता यातलं इंजिनिअरिंग बघा. सहा-सात थर, आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणे इतका विरलेला की बोटाने ओढला तर फाटेल. पण टाक्यांनी एकत्र बांधल्यावर भार सगळे मिळून घेतात. एका थराला एका जागी भोक असेल तर त्याच जागी बाकीच्या पाचांना भोक असण्याची शक्यता कमी. वरचा थर फाटलाच तर फाट पुढच्या टाक्याच्या ओळीपर्यंत जाते आणि तिथे अडकते, कारण तिथे ताण घ्यायला खालचे थर आणि दोरा हजर असतात. विमानाच्या पत्र्यात भेग पुढे सरकू नये म्हणून पट्ट्या आणि रिव्हेटच्या ओळी देतात, त्यांचं एक काम हेच. शिवाय टाका जरासा ओढून घेतल्याने दोन ओळींमध्ये कापड फुगतं, तिथे हवा अडकते. अडकलेली, न हलणारी हवा ही उष्णतेची वाईट वाहक, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये झालंय. म्हणून डिसेंबरात होस्टेलमध्ये नव्याकोऱ्या ब्लँकेटपेक्षा घरची गोधडी उबदार वाटते. आईची आठवण वगैरे कारणं आहेतच, पण हेही आहे.

एका जागी ठिगळ लावायचं होतं. मी उत्साहाने चाकणच्या दुकानातून नवं कोरं कापड आणलं. आजींनी ते हातात घेतलं, चुरगाळून बघितलं आणि परत दिलं. "जुन्याला नवं पेलत न्हाई, पोरी." मी जागच्या जागी थबकले, कारण हेच वाक्य मला येत होतं! कॉन्व्हेंटमध्ये बायबलमधला दृष्टान्त शिकवला होता, जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ कुणी लावत नाही, लावलं तर फाट आणखी मोठी होते. तेव्हा तो धर्माचा धडा म्हणून पाठ केला होता. कुरुळीच्या पडवीत कळलं की तो आधी कपड्याचा धडा आहे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आधीच आटून बसलेलं असतं. नवं ताठ असतं, जुनं मऊ. मग सगळा ताण दोघांच्या शिवणीवर येतो, आणि दोघांत जे कमजोर, ते फाटतं. कडक आणि मऊ धातू जोडताना जो त्रास होतो तोच.

आजींची एक तक्रार मात्र मला फार विचार करायला लावून गेली. त्या म्हणाल्या, "आताच्या साड्यांची गोधडी व्हत न्हाई. त्या जुन्याच व्हत न्हाईत." पॉलिस्टरचं सूत सुतासारखं झिजून मऊ होत नाही. त्यावर गोळे येतात, धागे सुटतात, रंग तसाच राहतो. घाम शोषत नाही, सुई सटकते, थर एकमेकांवरून घसरतात. टी-शर्टचं कापड तर ताणलं जातं, त्यामुळे टाका घातला की मध्येच चुणी पडते. म्हणजे गोधडीला नुसतं जुनं कापड लागत नाही, नीट झिजलेलं कापड लागतं. झीज हा तिचा कच्चा माल आहे. तान्ह्या बाळाचं दुपटं नव्या कापडाचं न करता आजीच्या जुन्या लुगड्याचं का करत, हेही यातूनच कळतं. पन्नास-शंभर वेळा धुतल्यावर कापडाची खळ आणि टोचरेपणा निघून जातो. असा मऊपणा नव्या कापडात येत नाही.

लुगड्याची कुंडली

मिनिमलिस्ट डिझाइनची व्याख्या करायची तर मी नऊवारी लुगड्याकडे बोट दाखवीन. न कापलेलं, न शिवलेलं, सरळ लांब कापड. साइझ नाही, बटण नाही, चेन नाही. आणि न कापल्यामुळे त्याला पुढे किती जन्म मिळतात बघा. बसून बसून लुगडं मधल्या भागात विरतं, दोन्ही टोकं मात्र धड असतात. मग विरलेला भाग काढून टाकून धड भाग एकमेकांना जोडायचे. या जोडाला 'दंड' म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी काही वर्षं जातं. पुढे त्यातून मुलीचा परकर निघतो. मग गोधडी नाहीतर दुपटं. मग हात पुसायचं फडकं, मग पोतेरं, आणि अगदी शेवटी दिव्याची वात नाहीतर काकडा. अमुक वर्षांनी फेकून द्या असं कुठे लिहिलेलं नाही.

शहरात आल्यावर या साखळीत बोहारीण आली, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. पुण्याच्या जुन्या वाड्यांत तिच्याशी घासाघीस करण्यात बायकांच्या दुपारी जात. आणि आपल्या पट्ट्यात साखळीची शेवटची कडी वर्कशॉपमध्ये आहे. लेथ पुसायला आपण जे कॉटन वेस्ट आणि होजिअरीच्या चिंध्या घेतो, त्यात कधी नीट बघा. मला एकदा एका शाळेच्या टी-शर्टचा खिसा सापडला होता, छापलेल्या बोधवाक्यासकट. त्यावर कूलंट पुसलं.

चिंध्या कुणाच्या अंगावर

इथपर्यंत सगळं छान छान झालं. पण ठिगळाची एक बाजू अशी आहे की ती सोडून लिहिलं तर लेख खोटा होईल. बहुतेक लोकांनी ठिगळ आवडीने लावलेलं नाही. दुसरं नव्हतं म्हणून लावलंय.

आपल्याकडे चिंध्यांचा कपडा जाणूनबुजून, निवड म्हणून घालणारा सगळ्यांत मोठा माणूस म्हणजे गाडगेबाबा. देबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६, परीट समाजातला. म्हणजे कपडे धुणाऱ्यांच्या घरातला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. त्यानंतर जन्मभर अंगावर तऱ्हेतऱ्हेच्या चिंध्या जोडून शिवलेला कपडा, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं, बस. त्या कपड्यामुळे लोक त्यांना 'गोधडेबुवा'ही म्हणत. गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. जमलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, कुरुळीपासून जवळच असलेल्या आळंदीतसुद्धा. स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. १९५६ मध्ये वारले तेव्हा स्वतःच्या नावावर ठेवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. कमीत कमी वस्तूंवर जगण्याविषयी आज जी जाडजूड पुस्तकं निघतात, त्यांच्या लेखकांना हा माणूस माहीत असता तर बरं झालं असतं.

पण त्याच काळातली दुसरी घटना याच्या शेजारी ठेवून वाचायला हवी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांसमोर भाषण केलं. त्यात त्यांनी लुगडं कसं नेसावं याबद्दल सांगितलं. जातीची खूण म्हणून लादलेली नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने सोडून द्या, घोट्यापर्यंत लुगडं नेसा. कपड्याला ठिगळं असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असू द्या, आणि काय नेसायचं हे तुम्हाला सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कुणालाही नाही, अशा अर्थाचं ते बोलले. स्वतः बाबासाहेब उत्तम शिवलेला सूट घालत. त्यांनी चिंध्या पांघरल्या असत्या तर लोकांनी त्याला त्याग म्हटलं नसतं. 'यांची जागाच ती' असं म्हणून पुढे गेले असते.

एकाने सगळं सोडून चिंध्या घेतल्या. दुसऱ्याने चिंध्यांत ठेवलेल्या माणसांना सांगितलं की कपडा ही तुमची मर्जी आहे. मला या दोघांत विरोध दिसत नाही. ठिगळ तेच असतं, पण ते लावायचं की नाही हे कुणी ठरवलं, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. फॅशनवाले बोरोचा आणि गोधडीचा कोट बनवून रॅम्पवर आणतात तेव्हा नेमकं हेच विसरतात.

आपल्या नोटीस बोर्डाबद्दल

हे सगळं लिहायचं खरं कारण आता सांगते. आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक नोटीस आहे, "फाटके कपडे घालून येऊ नये." ती अर्थातच फॅशनच्या फाटक्या जीन्ससाठी आहे. नोटीस असूनही त्या जीन्स रोज दिसतात आणि त्यांना फारसं कुणी अडवत नाही. मागच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकल परीक्षेला आमच्या वर्गातला एक मुलगा गुडघ्याला ठिगळ लावलेली पँट घालून आला होता. धुतलेली, इस्त्री केलेली. ठिगळ हाताने शिवलेलं, बारीक टाक्यांचं, रंग जरासा वेगळा. एक्स्टर्नलनी विचारलं, "ही काय नवीन फॅशन?" वर्ग हसला. तो म्हणाला, "नाही सर, आईनं शिवलंय." पुढचे दोन दिवस तो मित्राची पँट घालून आला. ती त्याला कमरेत मोठी होत होती.

त्याची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. नाव लिहू नको म्हणाला, लिहिलेलं नाही. त्याच्या आईचे टाके मी नंतर बघितले. दोन ओळींमध्ये बरोबर एका बोटाचं अंतर होतं आणि ठिगळाचे कोपरे गोल कापलेले होते. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का करतात हे आपल्याला तिसऱ्या वर्षात कॉमेट विमानाच्या अपघातांची गोष्ट सांगून शिकवतात. त्या बाई सातवी शिकल्या आहेत.

रेक्टर मॅडम आणि वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सर हे पान वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून दोन विनंत्या करते. एक, नोटिशीत "फाटके कपडे" याच्यापुढे "शिवलेले चालतील" एवढे दोन शब्द वाढवावेत. बॉयलर सूटलाही हेच लागू करावं. मशिनजवळ लोंबणारा दोरा किंवा फाटकी बाही धोक्याची आहे हे खरंच, त्याबद्दल वाद नाही. पण घट्ट शिवलेलं ठिगळ लोंबत नाही, कशात अडकत नाही. दोन, दोन्ही होस्टेलच्या कॉमन रूममध्ये सुई-दोरा, कात्री आणि धुतलेल्या जुन्या सुती कपड्यांचा एक खोका ठेवावा. कुरुळीच्या आजींना मी विचारलंय. एखाद्या रविवारी कुणी आणायला-पोचवायला असेल तर यायला तयार आहेत. "पोरांनाबी शिकवते," म्हणाल्या, तेव्हा बॉईज होस्टेलने आतापासून कारणं शोधू नयेत.

तोपर्यंत जीन्सच्या गुडघ्यापुरतं इथेच सांगून ठेवते. ठिगळासाठी जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या जीन्सचाच तुकडा घ्या, नवा घेऊ नका. नवाच असेल तर आधी दोन-तीन वेळा गरम पाण्यातून काढा. भोकाच्या सगळ्या बाजूंनी दोन-दोन बोटं मोठा कापा, कारण भोकाच्या कडेचं कापडही विरलेलं असतं आणि टाका धड कापडात जायला हवा. कोपरे गोल करा. तुकड्याचे उभे धागे पँटच्या उभ्या धाग्यांच्याच दिशेत ठेवा. आडव्या पांढऱ्या दोऱ्या कापून टाकू नका, त्यांच्यावरूनच टाके घाला, त्या अजून भार घेतात. तुकडा आतून लावा, कडेपासून धावदोरा घालत आत या, आणि दोरा ओढून ताणू नका, नाहीतर गुडघा वाकवताना काचेल. आणि शिवायला बसण्यापूर्वी पायाच्या नळीत पाण्याची बाटली सरकवा. म्हणजे पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली जात नाही.